पेटंट, पिंपरी आणि एका गोळीचा भाव

१९५९च्या डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीपुढे शेरिंग या औषध कंपनीचे अध्यक्ष फ्रान्सिस ब्राउन साक्षीला बसले. उपसमितीचे प्रमुख होते टेनेसी राज्याचे सिनेटर एस्टिस केफॉव्हर. चर्चा चालली होती संधिवातावरच्या प्रेडनिसोलोनच्या गोळीची. समितीच्या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडून ठेवला होता: गोळी बनवायला खर्च १.६ सेंट, दुकानदाराला ती पडते १७.९ सेंटला आणि रुग्णाला २९.८ सेंटला. संधिवात आठवड्याभरात बरा होत नाही. ही गोळी वर्षानुवर्षं रोज घेणारी म्हातारी माणसं पेन्शनीतून हे पैसे मोजत होती.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं होतं, ते आजही बदललेलं नाही: संशोधनाला पैसा लागतो. समितीने मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद मागवले, तेव्हा विक्रीतल्या दर डॉलरमागे सहा सेंटच्या आसपास रक्कम संशोधनावर आणि जवळजवळ पाव डॉलर जाहिरात व प्रचारावर जात असल्याचं दिसलं. संशोधन खर्चिक असतं, दहा प्रयोगांतले नऊ फसतात, हे मला मान्य आहे. पण किंमत त्या खर्चावरून काढलेली नव्हती. दुसऱ्या कुणाला ते औषध विकता येत नसेल, तर आजारी माणूस किती देऊ शकेल, यावरून ती काढलेली होती.

समितीने एक काम जास्तीचं केलं. एकाच औषधाला वेगवेगळ्या देशांत काय भाव पडतो, याची तुलना केली. १९६१च्या अहवालात भारताची नोंद आहे, आणि ती वाचताना आजही संताप येतो. ऑरिओमायसिन आणि ॲक्रोमायसिन या प्रतिजैविकांचे भाव भारतात जगातल्या सर्वांत चढ्या भावांपैकी होते. ज्या देशाचं दरडोई उत्पन्न सर्वांत कमी, त्याच देशाला औषध सर्वांत महाग, असा उलटा संबंध समितीने नोंदवला.

केफॉव्हर यांना अमेरिकेत किमतींबाबत फारसं काही साधलं नाही. थॅलिडोमाइडमुळे अपंग बालकं जन्मल्याच्या बातम्या आल्या, देश हादरला आणि १९६२चा कायदा झाला तो औषधाची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध करायला लावणारा. पेटंट आणि किमतींची कलमं त्यातून गळाली. त्या अहवालाचा उपयोग झाला तो भारतात.

दिल्लीत, ब्राउन यांच्या साक्षीच्या तीनच महिने आधी, सप्टेंबर १९५९मध्ये, न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी पेटंट कायद्यावरचा आपला अहवाल सरकारला दिला होता. तेव्हा देशात कायदा होता १९११चा, इंग्रजांनी केलेला. पदार्थावर पेटंट मिळालं की तो पदार्थ सोळा वर्षं दुसऱ्या कुणीही, कोणत्याही कृतीने, बनवायचा नाही. अय्यंगारांनी दाखवून दिलं की भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांकडे आहेत, आणि त्यांतली बहुतेक इथे वापरलीही जात नाहीत. पेटंट घ्यायचं ते कारखाना काढण्यासाठी नव्हे, इतरांना काढू न देण्यासाठी. माल बोटीतून आणायचा आणि इथे विकायचा. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: औषधाच्या बाबतीत पेटंट पदार्थावर देऊ नये, बनवण्याच्या कृतीवर द्यावं. दुसऱ्याला वेगळी कृती सापडली तर त्याने खुशाल बनवावं. ही कल्पना काही समाजवादी आगाऊपणा नव्हती. जर्मनीने १८७७पासून रसायनांना असाच कायदा लावला होता आणि त्याच जोरावर तिथला रसायन-उद्योग उभा राहिला होता. स्वित्झर्लंड आणि इटलीही १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत औषधावर पदार्थ-पेटंट देत नव्हते. स्वतः मोठे होईपर्यंत ज्या वाटेने हे देश चालले, ती वाट नंतर त्यांच्या कंपन्यांनी इतरांसाठी बंद करू पाहिली.

ती वाट बंद असली की काय होतं, ते मुंबईत दिसलं. मधुमेहावर टॉलब्युटामाइड नावाचं औषध होतं. जर्मनीची हेक्स्ट कंपनी ते रॅस्टिनॉन या नावाने विकत असे. परळच्या हाफकिन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते बनवायची स्वतःची पद्धत काढली. ती वापरून १९६१मध्ये युनिकेम या मुंबईच्या कंपनीने उत्पादन सुरू केलं. हेक्स्ट मुंबई उच्च न्यायालयात गेली. खटला चालला आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस निकाल हेक्स्टच्या बाजूने लागला. हेक्स्टच्या पेटंटमधले दावे इतके ऐसपैस होते की परळची पद्धतही त्यांच्या कक्षेत आली. न्यायाधीशांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. समोर कायदाच तसा होता. इथल्या सरकारी प्रयोगशाळेत, इथल्या शास्त्रज्ञांनी बसवलेली रीत इथल्याच रुग्णांसाठी वापरणं बेकायदेशीर ठरलं.

अय्यंगारांच्या अहवालावर कायदा व्हायला अकरा वर्षं लागली. १९६५चं विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने संपलं. १९६७मध्ये ते पुन्हा मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं. परदेशी कंपन्यांनी जोरदार विरोध केला. दुसऱ्या बाजूला मुंबईच्या सिप्लाचे ख्वाजा अब्दुल हमीद, त्यांचा मुलगा युसूफ आणि इतर देशी उत्पादक आपली संघटना बांधून दिल्लीत खेपा घालत होते. केफॉव्हर अहवालातला भारतावरचा उल्लेख त्यांच्या हातातलं मोठं शस्त्र होतं. १९७०मध्ये पेटंट कायदा मंजूर झाला आणि २० एप्रिल १९७२ला लागू झाला. औषधांना फक्त कृतीवर पेटंट, तेही अर्जापासून जास्तीत जास्त सात वर्षांचं. त्याच १९७०मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली औषध किंमत नियंत्रण आदेशही आला.

नुसत्या कायद्याने मात्र गोळी बनत नाही. ती बनवणारे हात आधीपासून तयार होत होते, हे मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचं वाटतं. १९५४मध्ये पिंपरीला माळरानावर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने तंत्रज्ञान व यंत्रसामग्रीसाठी मदत केली. पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. पिंपरीकर आजही तिला नुसतं ‘एच.ए.’ म्हणतात. हाफकिनचे माजी संचालक साहिब सिंग सोखी यांचा आग्रह होता की प्रतिजैविकं सरकारने बनवावीत आणि ज्ञान कुणाच्या तिजोरीत कुलूपबंद राहू नये. एच.ए.त आणि नंतर सोव्हिएत मदतीने निघालेल्या आयडीपीएल या दुसऱ्या सरकारी औषध कंपनीत शिकलेले रसायनतज्ज्ञ खासगी कंपन्यांत गेले, काहींनी स्वतःचे कारखाने काढले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ए. व्ही. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरची औषधं मिळवण्याची रीत बसवली, ती आपल्या कुंपणाला लागणाऱ्या सदाफुलीपासून. सिप्लाने ती बाजारात आणली. एच.ए. स्वतः पुढे तोट्यात गेली, कामगारांचे पगार थकले, आणि तिने घडवलेल्या माणसांच्या कंपन्या मोठ्या झाल्या. तिची ही परवड व्हायला नको होती.

१९७०च्या सुमारास भारतातल्या औषधबाजाराचा दोन तृतीयांश हिस्सा परदेशी कंपन्यांकडे होता. शतक संपता संपता तो चतुर्थांशाच्या आसपास आला.

त्याचं फळ किती दूरवर पोचलं, हे २०००च्या सप्टेंबरात ब्रसेल्सला दिसलं. युरोपीय आयोगाच्या बैठकीत युसूफ हमीद उभे राहिले. एड्सवरच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला पाश्चात्त्य कंपन्या तेव्हा माणशी वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर घेत होत्या. हमीदांनी तो ८०० डॉलरला देऊ केला, सरकारांना ६००ला. सभागृहातून फारसा प्रतिसाद आला नाही. मग फेब्रुवारी २००१मध्ये त्यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेसाठी भाव ३५० डॉलरवर आणला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. ती बातमी जगभर गेली. आफ्रिकेत त्या काळी वर्षाला लाखो माणसं एड्सने मरत होती, आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्वस्त औषधं मिळवण्यासाठी केलेल्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्यांचा दावा प्रिटोरियाच्या न्यायालयात चालू होता. एप्रिल २००१मध्ये कंपन्यांनी तो मागे घेतला.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही तीन औषधं पश्चिमेत तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती, त्यामुळे तिथे तिन्ही एका गोळीत घालायला कुणाला वावच नव्हता. भारतात पदार्थ-पेटंट नसल्याने सिप्लाला ती एकत्र करता आली. ट्रायोम्यून ही ती गोळी, सकाळ-संध्याकाळ एक. ज्या खेड्यात दवाखाना दहा कोसांवर, तिथल्या रुग्णाला दिवसभरात मूठभर वेगवेगळ्या गोळ्या वेळा सांभाळून घेण्याऐवजी दोनच गोळ्या घेणं जमणार होतं. औषध इथे नुसतं स्वस्त झालं नाही, सोपंही झालं.

पण हे दार बंद होण्याची तारीख आधीच ठरलेली होती. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५पासून भारताला औषधांवर पुन्हा पदार्थ-पेटंट द्यावं लागलं. त्या दुरुस्तीत संसदेने एक कलम घातलं, ३(ड). जुन्याच औषधाचं किरकोळ बदललेलं रूप, नवा क्षार किंवा नवा स्फटिक, पुढे करून पुन्हा वीस वर्षांचं पेटंट मागता येणार नाही. त्याचा गुण लक्षणीय वाढलेला दाखवावा लागेल. डाव्या पक्षांच्या आग्रहाने आणि रुग्णसंघटनांच्या धडपडीने आलेलं हे कलम पुढे लाखो लोकांच्या कामी आलं.

पहिली मोठी परीक्षा झाली ग्लिव्हेकची. रक्ताच्या एका कर्करोगावरचं हे नोव्हार्टिसचं औषध महिन्याला सुमारे १,२०,००० रुपयांना पडे. देशी कंपन्या तेच ८,००० ते १०,०००ला देत होत्या. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने पेटंटला विरोध नोंदवला. २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, आणि १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेल्या न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचं अपील नाकारलं.

दुसरी लढाई मुंबईतच झाली. मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं बायरचं नेक्साव्हर महिन्याला २,८०,४२८ रुपयांना होतं. पेटंट वैध होतं, इथे ३(ड)चा प्रश्न नव्हता. पण कायद्यात सक्तीच्या परवान्याची तरतूद आहे: पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि औषध लोकांना परवडणाऱ्या दरात, पुरेसं मिळत नसेल, तर सरकार दुसऱ्याला ते बनवायची मुभा देऊ शकतं. हैदराबादच्या नॅटकोने अर्ज केला. ९ मार्च २०१२ला पेटंट महानियंत्रक पी. एच. कुरियन यांनी परवाना दिला: नॅटकोने महिन्याचं औषध ८,८८० रुपयांना विकावं आणि बायरला सहा टक्के स्वामित्वशुल्क द्यावं. अपिलात ते सात टक्के झालं. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. मात्र असा परवाना भारतात त्यानंतर पुन्हा दिला गेलेला नाही. तरतूद कायद्यात आहे. ती वापरण्याचं धाडस सरकारकडे दिसलेलं नाही. अमेरिकेचा व्यापारी दबाव हे त्याचं उघड कारण आहे.

त्यामुळे मार्च २०२३ची बातमी जास्तच सुखावणारी होती. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन नावाचं जॉन्सन अँड जॉन्सनचं औषध आहे. मूळ पेटंट जुलै २०२३मध्ये संपत होतं. त्याच्या क्षारावर दुसरं पेटंट मागून मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबवायचा प्रयत्न होता. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला आक्षेप घेतला. दोघींनाही क्षय झाला होता आणि जुन्या इंजेक्शनांच्या दुष्परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली होती. पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या ल्युपिनचं औषध जागतिक खरेदी यंत्रणेला सहा महिन्यांच्या उपचाराला १९४ डॉलरने मिळू लागलं.

इतकं असूनही आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या औषधांचं बिल महिन्याकाठी हजारांत का जातं? त्या गोळ्यांची पेटंटं केव्हाच संपली आहेत. डझनावारी कंपन्या त्या बनवतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे भाव पडायला हवा होता.

याचं उत्तर १९७५मध्येच देऊन झालं होतं. जयसुखलाल हाथी यांच्या समितीने सांगितलं होतं की औषधांची व्यापारी नावं टप्प्याटप्प्याने काढून टाका, मूळ नावाने विका. समितीने अत्यावश्यक औषधांची यादी दिली, परदेशी कंपन्या ताब्यात घ्यायलाही सुचवलं. ब्रँडच्या शिफारशीचं पुढे काही झालं नाही. आणि इथे आपल्या देशी कंपन्यांनीही, ज्यांचं कौतुक मी आतापर्यंत मनापासून केलं, जुन्या परदेशी कंपन्यांचाच कित्ता गिरवला. पेटंटची भिंत पडली, तिच्या जागी नावाची भिंत उभी राहिली. औषध निवडतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण. त्यामुळे कंपनी स्पर्धा करते ती डॉक्टरच्या लेखणीसाठी, भावासाठी नाही. वैद्यकीय प्रतिनिधी, भेटी, परिषदा, सगळ्याचा खर्च गोळीवर चढतो. एकच कंपनी एकच औषध दोन-तीन नावांनी, दोन-तीन भावांना विकते.

किंमत नियंत्रणही हळूहळू सैल होत गेलं. १९७९च्या आदेशात ३४७ मूळ औषधं नियंत्रणाखाली होती. १९९५मध्ये ती सत्तरेक उरली. बडोद्याची लोकॉस्ट ही ना-नफा तत्त्वावर औषधं बनवणारी संस्था आणि ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. पुण्याचे डॉ. अनंत फडके यांच्यासारखे या चळवळीतले कार्यकर्ते मराठीत हा विषय कितीतरी वर्षं समजावून सांगत आले आहेत. न्यायालयातल्या त्या याचिकेतून २०१३चा आदेश आला, ३४८ अत्यावश्यक औषधांसाठी. पण त्याने किंमत ठरवायची रीतच बदलली. पूर्वी उत्पादनखर्च काढून त्यावर ठरावीक टक्के दिले जात. आता बाजारात एक टक्का तरी हिस्सा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढायची आणि तिच्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवायचे. म्हणजे फुगलेल्या किमतींचीच सरासरी. सर्वांत महाग ब्रँड थोडा खाली येतो, आतली हवा तशीच राहते. यादीबाहेरच्या औषधाला सुरुवातीची किंमत लावायला कंपनी बरीचशी मोकळी असते. नंतर वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन. दोन-तीन औषधं मिसळून केलेल्या कितीतरी गोळ्या या यादीबाहेर असतात.

खरा भाव काय असू शकतो, हे तमिळनाडूने १९९५पासून दाखवलं. तिथलं सरकारी महामंडळ साऱ्या राज्याची औषधं मूळ नावाने, निविदा काढून, घाऊक घेतं, आणि दुकानातल्या किमतीच्या छोट्याशा अंशात ती मिळतात. महाराष्ट्राने २०१७मध्ये अशी खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली, खरेदी रखडल्याच्या तक्रारी झाल्या, आणि २०२३मध्ये नवं प्राधिकरण नेमावं लागलं. दरम्यान सरकारी रुग्णालयातला रुग्ण चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानात जात राहिला.

२००८पासून जनऔषधी दुकानं निघाली. आरंभीची काही वर्षं रडतखडत गेली, पण २०२३च्या अखेरीस त्यांची संख्या १०,०००वर पोचली आणि आज ती बहुतेक शहरांत सापडतात. तिथलं औषध ब्रँडच्या तुलनेत निम्म्याहून स्वस्त असतं, काही वेळा त्याहूनही कितीतरी कमी. अडचण वेगळीच आहे. १९४५च्या औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर दुकानदाराला त्याऐवजी दुसरं देता येत नाही, आत तोच घटक असला तरी. २०२३च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना मूळ नावाने लिहिणं सक्तीचं केलं. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि तीन आठवड्यांत नियम स्थगित झाला. औषधांच्या दर्जाची तपासणी सगळीकडे सारखी होत नाही, हा त्यांचा आक्षेप खोटा नाही. पण ती तपासणी ब्रँडच्या औषधांचीही तितकीच अपुरी आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

म्हणून चिठ्ठी लिहिली जात असतानाच बोलावं लागतं. ‘डॉक्टर, मूळ नावाने लिहून द्याल का? जनऔषधीतून घेतलं तर चालेल का?’ असं विचारण्यात त्यांचा अपमान नाही, आणि अनेक डॉक्टर आनंदाने लिहून देतात. रोजच्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या औषधांसाठी हे आधी विचारावं, कारण बचत तिथेच मोठी असते. मिश्र गोळी लिहिली असेल तर त्यातले सगळे घटक लागतात का, तेही विचारावं. पाकिटावर ब्रँडच्या नावासोबत छापलेलं मूळ नाव आणि मात्रा वहीत उतरवून ठेवावी. ‘फार्मा सही दाम’ या सरकारी ॲपवर ब्रँडचं नाव घातलं की त्याच घटकाचे इतर ब्रँड आणि त्यांचे भाव दिसतात. पाकिटावरची किंमत ही कमाल किंमत आहे. त्याहून कमी घ्यायला दुकानदाराला कुणी अडवलेलं नाही, तेव्हा सवलत मागायला संकोच नको. फिट्सची, थायरॉइडची, रक्त पातळ करणारी औषधं मात्र स्वतःच्या मनाने बदलू नयेत. त्यांची मात्रा जराशी इकडेतिकडे झाली तरी त्रास होतो, म्हणून बदल करायचाच तर डॉक्टरांना सांगून, आणि लागेल तिथे रक्ततपासणी करून घेऊन.